खिरीचा केक

पस्तीस माणसांचा स्वयंपाक मी सकाळी अकराच्या आत उरकते. भाकऱ्या, चपात्या, वरण, दोन भाज्या. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला वांगं चालत नाही, कुणाला वांग्याशिवाय काही चालतच नाही, हे सगळं डोक्यात. बजाजनगरात अकरा वर्षं डबे चालवतेय, आणि मीठ कमी पडलं म्हणून एकानंही डबा परत पाठवलेला नाही. एक केक मला आठ दिवस रडवेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला लाटणंच दाखवलं असतं.

पण रडवलं खरं.

केक माझ्या मुलीसाठी होता. रूपा तिचं नाव. नऊ नोव्हेंबरला तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि बारा तारखेला ती लातूरला निघणार होती. नर्सिंगचं कॉलेज, हॉस्टेल, चार वर्षं.

आता नऊ नोव्हेंबरचं सांगते. रूपा सात वर्षांची झाली, त्याच दिवशी तिचे पप्पा गेले. बुद्धभूषण वाळूजला एका कंपनीत होते, सकाळच्या पाळीला. दुपारी मशीनपाशी छातीत कळ आली म्हणून खाली बसले, ते बसलेलेच राहिले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. संध्याकाळी रूपासाठी केक आणायचं ठरलं होतं, ऑर्डर दिलेली होती. तो केक दुकानातच राहिला. पुढं त्याचं काय झालं मी कधी विचारलं नाही, आणि तो दुकानदारही भला माणूस, त्यानंही कधी विषय काढला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात नऊ नोव्हेंबर हा एकाच माणसाचा दिवस आहे. दरवर्षी पुण्यानुमोदन असतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टेबलावर पांढरं कापड, त्यावर यांचा फोटो, मेणबत्त्या, अगरबत्ती. बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होतं, वंदना होते. बिडकीनकडचे चार नातेवाईक, गल्लीतली पंधरा-वीस माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. आणि मग खीर. तांदळाची, दूध आटवून केलेली, वेलदोडा आणि खोबरं घातलेली. यांचा खिरीवर फार जीव होता. माझ्या सासूबाई, चंपाबाई, त्या दिवशी पळी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. लेकाच्या नावाची खीर त्या स्वतः वाढतात आणि पहिली वाटी नातीला देतात.

रूपा तीन वाट्या खाते. आठ वर्षांची होती तेव्हापासून तीन. सासूबाई समोर मांडी घालून बसतात, तिच्या तोंडाकडं बघत राहतात आणि म्हणतात, "बापावर गेली पोरगी. त्याचीच जीभ हाये." ही बाई वर्षभर ओठ आवळून असते. टीव्हीवर सगळी चाळ हसली तरी हिचा ओठ हलत नाही. त्या दिवशी मात्र हसते. दात किती उरलेत तेही मला तेव्हाच कळतं.

सप्टेंबरात प्रवेशाचा फॉर्म भरायला आम्ही दोघी नेट कॅफेत गेलो होतो. तिथल्या बाईनं जन्मतारीख टाकली आणि म्हणाली, "अरे वा, नऊ नोव्हेंबर! म्हणजे कॉलेज आणि बर्थडे एकदमच. मजा आहे तुझी." रूपा म्हणाली, "त्या दिवशी पप्पांचं असतं."

एवढंच म्हणाली. तक्रार नाही, रडका सूर नाही. मंगळवारी डबा बंद असतो असं मी एखाद्याला सांगते, तसं सांगितलं आणि पुढचा रकाना भरायला लागली.

 रिक्षात मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. घरी येऊन पातेली घासायला बसले तेव्हा कळलं, माझाच. अकरा वर्षं झाली. शाळेत मैत्रिणी म्हणाल्या असतील, कुणी बाई म्हणाल्या असतील, पण या घरात, तिला जन्म देणाऱ्या बाईनं, त्या दिवशी तिला एकदाही 'हॅपी बर्थडे' म्हटलं नव्हतं. पातेल्याची कड घासता घासता मी ठरवलं, जायच्या आधी एकदा तरी या पोरीचा वाढदिवस या घरात करायचा. एकदा लातूरला गेली की अभ्यास, मग ड्यूटी, मग लग्न, मग तिचं घर. माझ्या हातात हा एकच नऊ नोव्हेंबर उरला होता.

अडचण सासूबाईंची होती. दोन खोल्यांच्या घरात त्यांना न विचारता काही करता येत नाही, आणि विचारून तर मुळीच करता येत नाही. तरी विचारलं.

"आत्याबाई, औंदा रूपाचा केक कापू म्हणते. संध्याकाळी. वंदना झाल्यावर."

त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला. "त्याच दिशी?"

"वाढदिवस त्याच दिवशी येतो, त्याला मी काय करू?" माझं तोंड हे असं आहे. बोलून झाल्यावर मला कळतं.

"माझ्या लेकाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची," सासूबाई म्हणाल्या, "अन त्याच घरात दुसऱ्या मेणबत्तीवर फुंकर मारून टाळ्या वाजवायच्या? असं करायचं म्हणती तू?"

उलटं बोलायची मला सवयच आहे.  पण ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. एका टेबलावरची ज्योत जपायची आणि दुसऱ्या टेबलावरची विझवायची, हे माझ्याही गळी उतरत नव्हतं.

 तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते, तर त्या आपणहून म्हणाल्या, "करायचाच तर खिरीचा कर."

"खिरीचा केक?"

"मंग? त्याला बी चालंल अन तिला बी. पोरीला खिरीपरास दुसरं काय गोड लागतं का? आन ती फुंकर नको. मेणबत्तीच लावू नको केकाला."

मला ते इतकं पटलं की काय सांगू. मी महिनाभर डोकं खाजवत होते आणि या निरक्षर बाईनं दोघा बापलेकींचं एकाच पातेल्यात बसवून दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बघितलं तर मी म्हणाले, कांदा. कांदा घरात चिरलेलाच नव्हता. 

मागच्या गल्लीत तनुजा राहते. कन्नड तालुक्यातली पोरगी, नवरा वाळूजला कामाला, आणि ही घरून केकच्या ऑर्डरी घेते. तिला गाठलं.

"काकू, खिरीचा मी कधी केला नाय," ती म्हणाली. "पण लोक रसमलाईचा करतात, गुलाबजामचा करतात. मग खिरीनं काय घोडं मारलंय? खीर घट्ट आटवा, पार थंड करा, मिक्सरमधून काढा. मग मैदा, थोडा रवा, दही, तेल, पिठीसाखर. लिहून घ्या, मैदा दोनशे ग्रॅम..."

"ग्रॅम राहू दे. हाताचा अंदाज आहे मला."

ती हसली. "काकू, अंदाज भाकरीला चालतो. केकला वजनकाटा लागतो."

पस्तीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला ही कालची पोरगी माप शिकवणार! मी काटा आणला नाही.

रूपा दुपारी कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, बारा ते दोन. तेवढ्या वेळात माझे प्रयोग. ओव्हन नाही, म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात खाली मीठ पसरायचं, त्यावर वाटी, वाटीवर केकचा डबा, वरून झाकण, आणि गॅस बारीक. पहिल्या दिवशी घाई केली, खीर कोमटच ओतली आणि सोडा भज्यांच्या पिठात टाकते तसा चिमटीनं टाकला. केक फुगला. इतका फुगला की झाकणाला चिकटला. चाखून बघितला तर साबण. सासूबाईंनी तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाल्या, "कपडे धुयाला ठिव."

दुसऱ्या दिवशी सोडा बेतानं घातला. पण माझी एक सवय आहे, चुलीवर काही असलं की झाकण काढून बघायचं. भात असो, डाळ असो, वाफ तोंडावर आल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी मी सात वेळा झाकण उचललं. केक मध्यभागी बसला, नीट खड्डा पडला. टाकवेना, म्हणून कडेचे तुकडे कापून डब्यांमध्ये घालून दिले. दुसऱ्या दिवशी एका डब्यात चिठ्ठी परत आली: 'मावशी, कालची गोड भाकरी छान होती.' भाकरी! त्या माणसाला मी दोन दिवस पातळ वरण दिलं.

तिसऱ्या वेळी तनुजाच आली. काटा घेऊन आली. मी गुपचूप तिच्या हाताखाली उभी राहिले. सगळं मोजून झालं, डबा पातेल्यात गेला, झाकण ठेवलं. मग तिनं झाकणावर पोळपाट ठेवला आणि पोळपाटावर वरवंटा.

"चाळीस मिनिटं हात लावायचा नाय, काकू."

"बघायचं सुद्धा नाही?"

"बघायचं सुद्धा नाय. बसा."

ती गेली आणि मी पातेल्यापाशी बसले. हात मांडीवर बांधून. मला रिकामं बसायची सवय नाही. हे गेले तेव्हाही बसले नाही. महिनाभरात दोन डबे सुरू केले, मग पाच, मग वीस. लोक म्हणाले, संध्या वाघीण आहे. वाघीण कसली, बसलं की आठवायचं, म्हणून बसायचे नाही.

त्या दिवशी बसले आणि आठवलं. पहिलं पुण्यानुमोदन. रूपाला आठ पूर्ण. माणसं जमली होती, बौद्धाचार्य बसले होते, आणि आतल्या खोलीतून रूपा बाहेर आली ती गुलाबी फ्रॉक घालून. यांनी सातव्या वाढदिवसाला आणलेला, घालायचा राहून गेलेला. केसांना तिनं स्वतःच क्लिपा लावल्या होत्या, एक वर, एक खाली. मी उठले आणि सगळ्यांसमोर तिच्या पाठीत धपाटा घातला. "आजच्या दिवशी नटतेस? काढ ते आधी!" ती आत गेली. शाळेचा पांढरा शर्ट घालून परत आली आणि आज्जीपाशी बसली. आज्जीनं खीर दिली, तिनं खाल्ली. परत दिली, परत खाल्ली. मला बरं वाटलं. वाटलं, लहान आहे, विसरली. मनाला लागलं असतं तर कुणी तीन वाट्या खीर खाल्ली असती का?

पुढच्या वर्षापासून ती त्या दिवशी पांढऱ्याशिवाय काही घालत नाही. मला सांगावं लागत नाही.

चाळीस मिनिटांनी वरवंटा उचलला, पोळपाट उचलला, झाकण काढलं. केक सपाट, बदामी, मधोमध बारीकशी चीर. सुरी खुपसली, कोरडी निघाली. मी आणि सासूबाईंनी एकेक तुकडा खाल्ला. वेलदोडा, खोबरं, आटलेलं दूध. नुसती खीर, फक्त चावून खायची. सासूबाई म्हणाल्या, "जमलं." त्यांच्या तोंडून हे मी लग्न होऊन आल्यापासून दोनदाच ऐकलंय.

आठ तारखेला खरा केक केला. मोठा, दोन डब्यांत, एकावर एक. मध्ये आणि वर घट्ट खीर थापली, बदामाचे काप लावले. तनुजानं क्रीमचा कोन आणून वर नाव काढलं: हॅपी बर्थडे रूपा. मी तिला म्हणाले, अक्षर जरा मोठं काढ. अकरा वर्षांचं एकदम लिहायचं होतं.

नऊ तारखेला सकाळी नेहमीसारखं सगळं झालं. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, माणसं आली. रूपा पांढऱ्या कुर्त्यात. सासूबाईंनी पहिली वाटी तिला दिली, आणि तिनं तीन वाट्या खाल्ल्या. मला आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, खा पोरी, संध्याकाळी बघ काय आहे.

पाच वाजता तनुजा आली, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. मी रूपाच्या हातात पिशवी दिली. नवा ड्रेस होता, मोरपंखी. "जा, बदलून ये."

तिनं पिशवीत बघितलं, मग माझ्याकडं. "आज?"

"आज. आजच तर वाढदिवस आहे तुझा. हॅपी बर्थडे." 

ती बदलून आली तोवर केक टेबलावर होता. यांच्या फोटोच्या बाजूला, मुद्दाम. मेणबत्ती नाही. रूपा दारातच थांबली.

"खिरीचा हाये," मी सांगायच्या आधी सासूबाईच बोलून गेल्या. "तुझ्या आयनं आठ दिस केलाय. खिरीचा!"

रूपा केककडं बघत राहिली. एक क्षण तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, रडणार आता. मग ती हसली, सरळ आज्जीकडं गेली आणि तिच्या गळ्यात पडली. "लई भारी, आज्जी. खिरीचा केक! कुणाकडंच नसंल असला."

तिनं केक कापला. पहिला तुकडा पप्पांच्या फोटोपुढं ठेवला. दुसरा आज्जीला, तिसरा मला. आज्जीनं तिला भरवलं, तिनं खाल्लं. परत भरवलं, परत खाल्लं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तनुजानं फोटो काढले. त्या फोटोंत मी अशी काही हसलेय की मला माझीच ओळख पटत नाही. खरंच सांगते, त्या तासाभरात मला वाटलं, सगळं फिटलं. फ्रॉकचं, धपाट्याचं, अकरा वर्षांचं, सगळं.

पाहुण्या गेल्या. मी ताटल्या गोळा करून आत गेले तर रूपा ओट्यापाशी पाठमोरी उभी. सकाळची गार भाकरी हातात, समोर ठेच्याची वाटी. घासाला बोटभर ठेचा लावून भराभर खात होती. नवा ड्रेस खराब होऊ नये म्हणून ओढणी कमरेला खोचलेली.

"एवढा केक खाऊन भाकरी?" मी हसत म्हणाले.

ती दचकली. "तोंड लई गोड झालं होतं."

"अगं मग एवढं तिखट? डोळ्यांतून पाणी चाललंय."

तिनं डोळे पुसले आणि पुढचा घास घेतला. माझं हसू कमी झालं. मी जवळ गेले. "रूपे, खरं सांग. बिघडलाय का केक? सोडा लागतोय का?"

"नाय मम्मी. केक चांगला झालाय. खरंच."

"मग?"

तिनं भाकरी खाली ठेवली. "मला खीर नाय आवडत."

मी ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरेना. "काय नाय आवडत?"

"खीर. आटलेल्या दुधाचा वास येतो मला. पहिल्यापासून."

"अगं सकाळी तीन वाट्या खाल्ल्या तू! दरवर्षी खाती!"

ती ओट्यावरचे भाकरीचे तुकडे बोटानं एका जागी गोळा करायला लागली. "वाढदिवस असतो ना," ती म्हणाली. "वाढदिवसाला गोड खायचं असतं. घरात त्या दिवशी तेवढंच गोड असायचं. म्हणून पहिली वाटी मी माझी म्हणून खायची. मनातल्या मनात म्हणायची, हा माझा केक."

 "आणि बाकीच्या दोन?"

"आज्जी हसायची ना. दुसऱ्या वाटीला हसायची. तिसरीला लई हसायची."

बाहेर टीव्ही चालू होता. मला वाटलं होतं, माझ्या पोरीचं काय दुखतं ते मला माहीत आहे. तेच बोलायला गेले. "त्या फ्रॉकसाठी मी तुला मारलं होतं," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"कुठला फ्रॉक?"

"गुलाबी. पप्पांनी आणलेला."

"तो होय!" ती म्हणाली. "तो काखेत रुतत होता मला. तू काढायला लावला ते बरंच झालं."

किती सहज म्हणाली. खरंच रुतत होता, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. आता तिचं कुठलं बोलणं खरं धरायचं आणि कुठलं माझ्यासाठीचं, हा हिशोबच लागेना.

मला राग आला. मला दुसरं काही येतच नाही, आधी राग येतो. "मग आधी सांगायचं ना! आठ दिवस मी मर मर मरतेय इथं, तुला कळलं नाही?"

"कळलं ना. क्लासवरून आले की घरभर वास असायचा. सांगणार होते. पण एक दिवस लवकर सुटले, खिडकीतून बघितलं तर तू पातेल्यापाशी हात बांधून बसली होती. मी तुला कधी बसलेलं बघितलं नव्हतं, मम्मी." तिनं नाक ओढलं. "म्हटलं, करू दे."

म्हटलं, करू दे. मी तिच्यासाठी करत होते, आणि ती मला करू देत होती.

"तुला आवडतो कुठला?" मी विचारलं. विचारताना लाजेनं माझे कान गरम झाले. पस्तीस परक्या माणसांची आवडनिवड मला पाठ आहे.

"साधा चॉकलेटचा," ती म्हणाली.

मी पदर खोचला आणि दाराकडं वळले. "आत्ता सांगते आत्याबाईंना. बास झालं हे. अकरा वर्षं पोरीला..."

तिनं माझं मनगट धरलं. ठेच्याचा हात, मला चांगलाच झोंबला. "नको. मम्मी, नको ना. मी बारा तारखेला जाते. तिला दुसरं काय हाये?"

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "रूपे! कुठं गेली गं? ये, तुकडा ठिवलाय तुझा."

रूपानं नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं, चूळ भरली. ओढणी सारखी केली. आणि मला काही बोलायला वेळ न देता बाहेर गेली. मी मागोमाग गेले.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर ताटली. तिच्यात केकचा मोठा तुकडा, खीर जास्त असलेला, मधला. त्यांनी मुद्दाम बाजूला काढलेला. रूपा त्यांच्यापुढं खाली फरशीवर बसली आणि तोंड उघडलं. सासूबाईंनी घास दिला. मग दुसरा. अठरा वर्षांची पोरगी, परवा-तेरवा दवाखान्यात माणसांना सुया टोचणार, आणि इथं लहान लेकरासारखी तोंड उघडून बसलेली. मला वाटत होतं, मी हिला वाढवली. ही तर सातव्या वर्षापासून आम्हा दोघींना सांभाळत होती.

सासूबाई हसत होत्या. लेकाच्या फोटोकडं एकदा बघितलं, नातीकडं बघितलं, मग मला म्हणाल्या, "संध्या, पुढल्या साली बी ह्योच कर. पोरगी लातूरहून आली की ह्योच. दुकानातला आणू नको, सांगून ठिवते."

जिभेवर आलेलं मी जन्मात कधी मागं घेतलं नाही. दारात उभी होते आणि सगळं जिभेवर आलं होतं. रूपा माझ्याकडं बघत होती. तोंडात घास होता, बोलता येत नव्हतं, नुसतं बघत होती.

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. "ह्योच करीन."

रूपानं घास गिळला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.